एकाच चाकाचा आतला ब्रेक पॅड सारखा संपतोय? नुसते पॅड बदलून भागणार नाही

जुन्या गाडीचे पुढचे ब्रेक पॅड घरी बदलणाऱ्यांसाठी लिहितोय, आणि त्यातही खास करून ज्यांना सहा-आठ महिन्यांनी परत तेच काम काढावं लागतंय त्यांच्यासाठी. माझी गाडी 16 वर्षांची आहे, पुढे डिस्क मागे ड्रम, आणि पुढच्या डाव्या चाकाने दीड वर्षात माझ्याकडून तीन वेळा पॅड बदलून घेतले. दर वेळी सुरुवात तशीच, आधी गाडी हळू चालताना चाकातून बारीक चीं आवाज येणार, ब्रेक दाबला की तो आवाज बंद, मग काही दिवसांनी ब्रेक दाबल्यावरच खर्रर्र असा लोखंडावर लोखंड घासल्यासारखा आवाज. पहिला आवाज म्हणजे पॅडला जी छोटी पत्र्याची पट्टी असते ती डिस्कला लागतेय, साधारण 2 ते 3 मिमी माल (पॅडचा घासणारा थर) उरला की ती लागायला लागते. दुसरा आवाज आला म्हणजे माल संपला आणि मागची लोखंडी प्लेट डिस्क खातेय, त्यानंतर गाडी चालवायचीच नाही.

पहिल्या दोन वेळा मी पॅड काढले, नवीन घातले, जुने फेकून दिले. तिथेच चुकलं. जुने पॅड हेच सगळ्यात मोठा पुरावा असतात. तिसऱ्यांदा मी चारही पॅड कागदावर मांडले, डावा-आतला, डावा-बाहेरचा, उजवा-आतला, उजवा-बाहेरचा (आतला म्हणजे डिस्कच्या गाडीकडच्या बाजूचा) असं मार्करने मागे लिहिलं आणि साध्या पट्टीने माल मोजला. उजवीकडचे दोन्ही 7 मिमीच्या आसपास, दोघांत फरक जेमतेम अर्धा मिमी. डावीकडचा बाहेरचा 8, म्हणजे जवळजवळ नवाच, आणि आतला फक्त दीड. हे बघितल्यावर कळलं की पॅडच्या क्वालिटीला दोष देण्यात अर्थ नाही, मी कंपनी बदलून बघितली होती ती उगाच. एकाच डब्यातले, एकाच दिवशी लावलेले दोन पॅड इतके वेगळे झिजतात म्हणजे बिघाड कॅलिपरमध्ये, म्हणजे पॅडना डिस्कवर दाबणाऱ्या भागात आहे.

आतलाच का संपतो हे नीट समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं आपोआप कळेल. बहुतेक छोट्या गाड्यांत पुढे सरकता कॅलिपर असतो. पिस्टन एकच, तो आतल्या बाजूला. ब्रेक दाबला की पिस्टन आतल्या पॅडला डिस्कवर ढकलतो, पॅड टेकला की त्याच जोराने पूर्ण कॅलिपर उलट दिशेला सरकतो आणि बाहेरच्या पॅडला ओढून डिस्कवर आणतो. हे सरकणं होतं दोन गाईड पिनांवर. त्या पिना जाम झाल्या तर कॅलिपर सरकत नाही, मग सगळं काम एकटा आतला पॅड करतो आणि बाहेरचा नुसता बघत बसतो. ब्रेक सोडल्यावर पिस्टनला मागे घेणारी वेगळी स्प्रिंग वगैरे काही नसते, पिस्टनभोवती जी चौकोनी कडेची रबरी सील असते ती दाबताना थोडी पिळली जाते आणि सोडल्यावर परत सरळ होते, त्यात पिस्टन मिमीचा छोटासा अंश मागे येतो, बस तेवढंच. त्यामुळे पिस्टनवर गंज आला किंवा पिन आखडली तर तेवढासा मागे येणंही बंद होतं आणि पॅड दिवसभर डिस्कवर घासत राहतो.

माझ्या गाडीत अजून एक लक्षण होतं जे मला आधी कळलंच नाही. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग सैल सोडलं की गाडी थोडी डावीकडे जायची आणि ब्रेक मारला की उजवीकडे ओढायची. मी अलाइनमेंट करून आलो, काही फरक नाही. नंतर लक्षात आलं, डावं चाक चालताना घासत होतं म्हणून डावीकडे, आणि ब्रेक मारल्यावर डावीकडे अर्धाच ब्रेक लागत होता म्हणून उजवीकडे. दोन्ही एकाच कारणाचे प्रकार. तुमच्याकडे असं उलटसुलट ओढत असेल तर अलाइनमेंटच्या आधी ब्रेक उघडून बघा.

आता उघडायचं कसं. गाडी सपाट कडक जागेवर, हँडब्रेक ओढलेला, गिअरमध्ये, मागच्या चाकाला पुढून-मागून दगड किंवा लाकडाची पाचर. व्हील नट जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करा, हवेत चाक फिरतं आणि जोर लावताना गाडी जॅकवरून घसरू शकते. आणि कृपया नुसत्या जॅकवर गाडी ठेवून हात घालू नका, जॅक हा उचलायला असतो, धरून ठेवायला स्टँड. स्टँड लावल्यावर गाडीला दोन्ही हातांनी जोरात हलवून बघा, हलली तर परत बसवा. काढलेलं चाक गाडीच्या उंबऱ्याखाली आडवं सारून ठेवा, स्टँड दगा देईल तर गाडी त्यावर येईल, तुमच्यावर नाही.

चाक काढण्याआधी एक टेस्ट करून घ्या, गाडी हवेत असताना चाक हाताने फिरवा. थोडा सर्र आवाज आणि एखादा फेरा स्वतःहून फिरणं ठीक आहे (पुढच्या चाकाला गिअरबॉक्सचा थोडा भार असतो म्हणून न्यूट्रल करून बघा, पाचर काढू नका). दोन्ही हातांनी जोर लावून ढकलावं लागत असेल तर ब्रेक धरलाय. ही टेस्ट गाडी 15-20 मिनिटं चालवून आल्या आल्या केली तर जास्त खरी, कारण काही बिघाड गरम झाल्यावरच दिसतात.

ब्रेक धरलेला आहे हे नक्की झालं की नेमकं कोण दोषी हे बघायची एक पद्धत आहे आणि ती मला फार उशिरा कळली. ब्लीडर निपलला (कॅलिपरवरचा तेल-हवा सोडायचा छोटा स्क्रू) पारदर्शक पाईप लावा, दुसरं टोक बाटलीत, आणि निपल पाव फेरा उघडा. जोरात पिचकारी आली आणि चाक एकदम मोकळं झालं तर आत दाब अडकून राहिला होता, म्हणजे दोषी बहुतेक कॅलिपरपर्यंत तेल आणणारा रबरी होज पाईप. जुना होज बाहेरून धडधाकट दिसतो पण आतून फुगून किंवा सोलून बंद होत जातो, पायाच्या जोराने तेल जातं पण परत यायला वाट मिळत नाही. निपल उघडूनही चाक तसंच जड असेल तर होजचा संबंध नाही, मग पिन, पिस्टन किंवा पॅड बसायची जागा यातलं काहीतरी. आणि दोन्ही पुढची चाकं एकदम धरत असतील तर कॅलिपर उघडत बसू नका, आधी पेडलला फ्री प्ले (दाबताना सुरुवातीचा थोडा मोकळेपणा) आहे का आणि मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोराने तेलाला दाब देणारा भाग) बरोबर आहे का ते बघा. निपल गंजलेलं असतं, घाई केली तर आत तुटतं, म्हणून आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल लावून ठेवा आणि सहा कोनी सॉकेटनेच उघडा. ते तेल डिस्कवर आणि पॅडवर उडू देऊ नका.

माझ्याकडे निपल उघडूनही चाक जडच राहिलं. मग कॅलिपरचा खालचा बोल्ट काढला, वर उचलायला गेलो तर उचलेना. कॅलिपर पूर्ण काढायची वेळ आली तर त्याला होजवर लोंबकळत ठेवायचं नाही, तारेने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला बांधून ठेवा, नाहीतर चांगला होजही आतून खराब होतो. वरची पिन हाताने आत-बाहेर छान सरकत होती. खालची पाना लावून फिरवत फिरवत अक्षरशः उपटून काढावी लागली. त्या पिनेवर टोकाला एक रबरी बुश होता आणि तो फुगून जाड झाला होता, बोटाने दाबला तर चिकट लागला, आणि खोबणीत काळपट तपकिरी ग्रीस होतं. ते ग्रीस मी स्वतः लावलेलं होतं, पहिल्यांदा पॅड बदलले तेव्हा, घरात जे बेअरिंगचं साधं ग्रीस होतं ते. ब्रेकच्या या रबराला पेट्रोलियम ग्रीस चालत नाही, ते फुगतं, आणि फुगलेला बुश पिनेला भोकात घट्ट आवळून धरतो. म्हणजे मी काळजीपोटी जे केलं त्यानेच पुढचे दोन सेट संपले. पिनेला फक्त ब्रेकसाठी असलेलं सिलिकॉन किंवा सिंथेटिक ग्रीस लावायचं, ट्यूबवर ब्रेकच्या रबराला चालतं असं लिहिलेलं असतं. आणि तेही पातळ थर, भोक गच्च भरलं तर आत हवा अडकते आणि पिन स्प्रिंगसारखी बाहेर ढकलली जाते.

दोन पिना एकसारख्या दिसल्या तरी अदलाबदल करू नका. बऱ्याच कॅलिपरमध्ये एकीला बुश असतो आणि दुसरी साधी असते, वर कुठली खाली कुठली हे काढतानाच फोटो काढून ठेवा. पिनेवर खड्डे पडले असतील तर घासून गुळगुळीत करत बसू नका, नवीन पिना आणि बूटचा (पिनेवरचं रबरी आवरण) किट घ्या, स्वस्त भाग आहे. रबरी बूट फाटलेला असेल तर पाणी आत जाणारच आणि तुम्ही कितीही ग्रीस लावा, एका पावसाळ्यात पिन परत जाम. भोकातला जुना चिखल साफ करायला बाटली धुवायचा लांब बारीक ब्रश आणि ब्रेक क्लीनर, कोरडं झाल्यावर पिन नुसती घालून बघा, स्वतःच्या वजनाने नाही पण दोन बोटांनी सरकली पाहिजे.

मग पिस्टन. ब्रेक ऑईलच्या डबीचं झाकण सैल करा, पिस्टनवर जुना पॅड आडवा ठेवा आणि सी-क्लॅम्पने हळूहळू दाबा. सारख्या जोराने आत गेला तर ठीक, मध्येच अडला किंवा तिरका जायला लागला तर पिस्टनवर गंज आहे, तो कॅलिपर रिपेअर किट टाकून किंवा बदलूनच वापरावा. मी या वेळी निपल उघडून, तेल बाटलीत सोडत पिस्टन दाबला, कारण कॅलिपरमधलं तेल सगळ्यात जास्त जळलेलं असतं आणि एबीएस (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत ती घाण उलटी वर ढकलायला नको. निपल बंद करताना पाईपचं टोक तेलात बुडलेलं ठेवा म्हणजे हवा आत जात नाही. निपल न उघडता दाबणार असाल तर डबीवर लक्ष ठेवा. पॅड झिजले की डबीतली लेव्हल खाली जाते, मधे कुणी ती भरून ठेवली असेल तर आता ऊतू येणार, आणि ब्रेक ऑईल गाडीचा रंग खातं, सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा. ज्या गाड्यांत मागे पण डिस्क आहे आणि हँडब्रेक त्याच कॅलिपरमध्ये आहे तिथे मागचा पिस्टन दाबायचा नसतो, फिरवत आत घालायचा असतो, क्लॅम्प लावून जोर केलात तर आतली यंत्रणा तुटेल.

इथपर्यंत करून मी नवीन पिना, नवीन बूट, नवीन पॅड घातले आणि काम झालं म्हणून खूष होतो. पंधरा दिवसांनी डावं चाक परत गरम. उघडलं, पिना मस्त सरकत होत्या, पिस्टन मोकळा. मग पॅड हाताने ब्रॅकेटमधून (पॅड ज्यात बसतात ती चौकट) काढायला गेलो तर आतला पॅड हातोडीने ठोकून काढावा लागला. पॅडच्या दोन्ही टोकांना जे कान असतात ते ब्रॅकेटच्या खाचेत पत्र्याच्या क्लिपवर सरकतात. क्लिप वरून चकचकीत होती, पण ती काढल्यावर खाली ब्रॅकेटच्या बिडावर (ओतीव लोखंडावर) गंजाचा जाड पापुद्रा, नखाने उचकटला तर अख्खा तुकडा निघाला. तो गंज क्लिपला खालून उचलतो आणि खाच अरुंद होते, नवीन पॅड तर पूर्ण मापाचा, तो त्यात अडकून बसतो. आणि ती जागा मी तीनही वेळा साफ केली नव्हती, कारण क्लिप चांगल्या दिसत होत्या म्हणून काढल्याच नाहीत.

म्हणून ब्रॅकेटची चारही ठिकाणं क्लिप काढून वायर ब्रशने आणि सपाट कानसीने स्वच्छ धातू दिसेपर्यंत साफ करा. बीड खायचं नाही, फक्त गंज काढायचा. नवीन क्लिप पॅडसोबत आल्या असतील तर त्याच लावा. मग पॅड कोरडाच खाचेत घालून बोटाने पुढे-मागे सरकवा, हातोडी लागली नाही पाहिजे आणि खुळखुळला पण नाही पाहिजे. पॅडच्या कानावर रंगाचा जाड थर असेल आणि त्यामुळे अडत असेल तर कानसीने रंग तेवढा काढा. कानांना आणि पॅडच्या पाठीला जिथे पिस्टन टेकतो तिथे ब्रेकचं ग्रीस अगदी पुसट, आणि मालाच्या बाजूला बोटाचा तेलकट ठसासुद्धा नको.

या सगळ्या सफाईत एक गोष्ट जपा, ब्रेकची धूळ हवेने फुंकू नका, तोंडानेही नाही आणि कॉम्प्रेसरनेही नाही. जुन्या गाड्यांच्या पॅडमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं आणि ते फुप्फुसात गेलं तर निघत नाही. ब्रेक क्लीनरने ओली करून पुसा, मास्क लावा, तो बोळा पिशवीत बांधून टाका.

डिस्कचं थोडक्यात सांगतो. कडेला किंवा मधल्या भागावर किमान जाडी मिमीमध्ये कोरलेली असते, व्हर्नियरने मोजा, त्याच्या खाली असेल तर पॅड बदलून उपयोग नाही. मोजताना कडेची न झिजलेली उभी किनार धरू नका, घासलेला भाग धरा. बोटाला अडतील अशा खोल चरा असतील तरी डिस्क बदलायची, आणि बदलायची तर जोडीने. पेडल पायाखाली धडधडत असेल तर बऱ्याचदा हब (डिस्क आणि चाक ज्यावर बसतात तो भाग) आणि डिस्कच्या मधला गंज डिस्कला तिरपं बसवतो, तो घासल्याशिवाय नवीन डिस्कही तसंच करेल. नवीन डिस्कला गंज न लागण्यासाठी तेल लावलेलं असतं, ते क्लीनरने पुसल्याशिवाय पॅड लावू नका.

बसवताना एका वेळी एकच बाजू उघडा, दुसरी बघून जुळवायला राहते. पॅड दोन्ही चाकांचे बदला, एकाच बाजूचे नाही. आवाज करणारी पट्टी असलेला पॅड बहुतेक गाड्यांत आतल्या बाजूला जातो. कॅलिपरचे बोल्ट छोटे असतात, बऱ्याच गाड्यांत 25 ते 35 न्यूटन मीटरच्या आसपास, लांब पान्याने अंदाजे आवळले तर आटे जातात, ब्रॅकेटचे मात्र त्याच्या तिपटीच्या घरात असतात, तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये बघून टॉर्क रेंचनेच आवळा. होजला पीळ बसलेला नाही ना हे स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, हे विसरून अपघात होतात. पिस्टन आत ढकललेले आहेत, त्यामुळे पहिल्यांदा पेडल दाबलं तर ते थेट तळाला जातं, ब्रेक लागतच नाही. गाडी जागची हलवण्याआधी पेडल हळूहळू दाबत राहा, कडक होईपर्यंत, मग डबीतली लेव्हल बघा. कडक झाल्यावरही पेडल स्पंजसारखं लागत असेल तर हवा गेलीये, ब्लीडिंग (निपलमधून हवा काढणं) केल्याशिवाय रस्त्यावर नेऊ नका. तेल टाकताना झाकणावर जे लिहिलंय तेच, डॉट म्हणजे ब्रेक ऑईलचा ग्रेड, डॉट 3, 4 आणि 5.1 एका जातीचे, डॉट 5 मात्र सिलिकॉनचं, ते यांच्यात मिसळायचं नाही. अर्धी वापरून वर्षभर फडताळात ठेवलेली बाटली वापरू नका, हे तेल हवेतलं पाणी ओढतं. कोरड्या डॉट 4 चा उत्कलनबिंदू किमान 230 अंश असतो, पाणी मुरलं की 155 पर्यंत येतो, आणि घाटात उतरताना तेल उकळलं तर पेडल पायाखालून जातं.

नवीन पॅड डिस्कवर बसायला मोकळ्या रस्त्यावर, मागे कुणी नसताना, 50 च्या वेगावरून 10 पर्यंत मध्यम जोराने आठ-दहा वेळा ब्रेक, पूर्ण थांबायचं नाही, मधे थोडं चालवून गार होऊ द्यायचं. शेवटी पाचेक मिनिटं ब्रेक न वापरता चालवा. गरम डिस्कवर पेडल दाबून उभं राहू नका. पहिले काही दिवस ब्रेक थोडा कमी लागल्यासारखा वाटेल, पुढच्या गाडीपासून अंतर जास्त ठेवा.

काम खरंच झालं का हे कळायला मी आता एकच करतो, 20 मिनिटं चालवून आल्यावर, शेवटचे दोन-तीनशे मीटर शक्यतो ब्रेक न मारता थांबून, दोन्ही पुढच्या चाकांच्या रिमजवळ हात नेतो, टेकवत नाही. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर डिस्कवर मारा. दोन्हीकडे गरम असणं साहजिक आहे, बघायचं ते दोघांतला फरक. पंधरा दिवसांनी धरलं होतं तेव्हा माझं डावं चाक उजव्यापेक्षा 60 अंशांनी जास्त होतं आणि जवळ गेल्यावर जळका वास येत होता. ब्रॅकेट साफ केल्यावर फरक पाच-सहा अंशांवर आला.

या गोष्टीला आता सात महिने झाले. गेल्या रविवारी चाकं काढून मोजलं, डावा आतला 9, डावा बाहेरचा 9 ला थोडा जास्त, उजवे दोन्ही साधारण तेवढेच. पिना बाहेर काढल्या, पुसल्या, नवीन ग्रीस लावून परत घातल्या, दोन्ही बाजूंना मिळून तासभर लागला. होज अजून मूळचाच आहे, वाकवल्यावर बारीक भेगा दिसतात, पुढच्या महिन्यात दोन्ही बदलून तेलही पूर्ण बदलणार आहे. कुणाकडे आतल्याऐवजी बाहेरचा पॅड संपत असेल किंवा एकच पॅड एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला पातळ झिजत असेल तर आधी एक-एक पिन वेगळी सरकवून बघा, तिरकं झिजणं बहुतेक दोनपैकी एकच पिन अडकल्याने होतं, आणि बाहेरचा संपत असेल तर त्याचे कान खाचेत अडकलेत का हे हातोडी न घेता, बोटाने तपासा.